सांबराला पुरणपोळी

"मॅडम, मैना उठंना. कान पाडून बसलीया. लवकर या."

सकाळचे सात वाजले होते. फोनवर माणिकराव होते. आमच्या प्राणिसंग्रहालयात हरणांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. या माणसानं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही. पण नेहमी ते आधी "नमस्कार मॅडम" म्हणायचे, ते राहून गेलं. मी चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली.

आदल्या दिवशी पोळा होता.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरी लातूर जिल्ह्यात झाली, त्यातली बरीच वर्षं शिरूर अनंतपाळच्या दवाखान्यात. गाई, म्हशी, बैल, शेळ्या. निवृत्त झाल्यावर नांदेडला मुलीजवळ राहायला आले. शहराबाहेर एका संस्थेचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, त्यांना आठवड्यातून तीन दिवस येणारा डॉक्टर हवा होता. मी हो म्हटलं. एक बिबट्या, दोन अस्वलं, मगरी, चितळांचा कळप, काही नीलगाई, मोर, आणि सांबराची एक मादी. तीच मैना.

मैना किनवटच्या जंगलातली. अगदी पिल्लू असताना वनखात्याच्या लोकांना एकटी सापडली, म्हणून आमच्याकडे आली. माणिकरावांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. एरवी सांबर माणसाची चाहूल लागली की झाडीत शिरतं. मैना माणूस दिसला की जाळीपाशी यायची. मान उंच करून ओलं नाक जाळीला लावायची. तिच्या दृष्टीनं माणूस म्हणजे माणिकराव.

लोकांना वाटायचं, ती उपाशी आहे.

प्राणिसंग्रहालयात काम करायला लागल्यावर मला जनावरांपेक्षा माणसांचीच जास्त माहिती झाली. दुपारी बिबट्या झोपलेला दिसला की लोक विचारतात, "याला गोळी देऊन झोपवलंय का?" बिबट्या दिवसा झोपतोच, असं सांगितलं तर तिकीट फुकट गेल्यासारखा चेहरा करतात. मगर हलत नाही म्हणून ती खरी आहे का प्लास्टिकची, हे बघायला खडा मारतात. साळिंदर काटे फेकून मारतं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. फेकत नाही, असं मी म्हटलं की माझ्याकडेच संशयानं बघतात. एक अस्वल पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उभं राहून तासन्‌तास मान डावीकडे-उजवीकडे करतं. बंदिस्त जनावराला करायला काही नसलं की असं होतं, तो एक प्रकारचा आजारच. लोक म्हणतात, "बघ बघ, नाचून राहिलं." आणि टाळ्या वाजवतात.

यात दुष्टपणा कमी असतो. बहुतेक वेळा लोक घरून जे ऐकून येतात तेच पिंजऱ्यात बघतात. खाऊ घालणाऱ्यांच्या मनात तर दयाच असते. पुण्यच असतं. म्हणून त्यांना अडवणं सगळ्यात अवघड.

जाळीवर ठळक पाटी होती. प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत. माणिकराव ती पाटी रोज फडक्यानं पुसायचे.

सुंदराबाईंची आणि माझी गाठ पडली ती थंडी सरत आलेल्या एका सकाळी. मी राउंडवर होते. जाळीपाशी एक म्हातारी उभी होती, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. माणिकराव तिला समजावत होते.

"आजी, पाटी वाचा की."

"मला कुठं वाचता येतंय बाबा. नातीला येतंय, ती शाळंत गेलीया."

तो हेल माझ्या ओळखीचा होता. मी थांबले. "कुठल्या तुम्ही?"

"शिरूरकडची हाय माय. अनंतपाळ शिरूर."

मी शिरूरच्या दवाखान्यात होते, असं म्हटल्यावर म्हातारीनं माझा हातच धरला. मग तिनं सगळं सांगितलं. मालक दोन वर्षांमागं गेले. मुलगा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात. त्यानं आईला इकडं आणलं. जमीन दीर बघतो. बैल विकले.

"रिकामा गोठा बघवंना, म्हणून आले. तर इथं गोठाच न्हाई. तिसऱ्या मजल्यावर राहून राहिले. भाकर उरली तर टाकू कुणाला? गाय येत न्हाई का कुत्रं येत न्हाई. ही माय मला बघून जवळ आली, म्हणून..."

मैना जाळीला नाक लावून उभीच होती.

"देऊ का एक तुकडा?" तिनं मला विचारलं. माणिकरावांना नाही, मला.

नियम मला माहीत होता. पण ज्वारीच्या भाकरीच्या एका तुकड्यानं सांबराला काही होत नाही, हेही माहीत होतं. डॉक्टर म्हणून ते बरोबरच होतं. शिवाय शिरूरची म्हातारी. मी म्हटलं, "द्या. एवढ्यानं काही होत नाही."

माणिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. सुंदराबाई गेल्यावर म्हणाले, "मॅडम, सवय लागंल. मैनाला बी आन् आजीला बी."

"अहो, भाकरीच आहे. रोज थोडंच देणार आहे ती?"

ती रोज द्यायला लागली. मुलानं तिला महिन्याचा पास काढून दिला. दहाच्या सुमाराला ती यायची, अर्धी भाकरी घालायची, तासभर जाळीपाशी बसून मैनाशी बोलायची आणि जायची. कोणी हटकलंच तर सांगायची, "डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, चालतंय म्हणून." मला ते कळलं होतं. एकदोनदा कानावरही पडलं. मी हसून पुढं गेले.

आता पोळ्याच्या दिवशीचं. मी तिथं नव्हते. पुढचं माणिकरावांनी सांगितलेलं.

सणामुळे सुट्टी होती, दुपारनंतर गर्दी झाली. शहरात आता बैल किती जणांकडे? पोळ्याला लोक मुलांना घेऊन फिरायला निघतात. सुंदराबाई त्या दिवशी उशिरा आल्या, डबा घेऊन. डब्यात पुरणपोळ्या. दारात बैल नाही म्हणून त्यांनी मैनाला हळदकुंकू वाहिलं, म्हणजे जाळीला वाहिलं, आणि नैवेद्याची पोळी तिला चारली. मैनानं ती चवीनं खाल्ली. गोड कुणाला आवडत नाही?

बघणाऱ्यांना वाटलं, आज इथं असंच असतं. कोणी डब्यातली पोळी काढली, कोणी चपाती, कोणी ब्रेड, कोणी बिस्किटाचा पुडा. मुलं आईबापांच्या मागे लागली. मैना जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती आणि हातोहात खात होती. माणिकराव तेव्हा बिबट्याच्या बाजूला होते, तिथं कोणी दगड मारत होतं. ते धावत आले तेव्हा जाळीला पाच-पंचवीस माणसं चिकटलेली.

"सरका, सरका. खायला घालू नका."

"त्या आजीला चालतं, आम्हाला का नाही?" एकानं विचारलं.

"आजी म्हणाल्या, डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"सणासुदीचं जनावराला घास घालतोय, चोरी नाही करत."

माणिकरावांनी कसंबसं लोकांना मागं सारलं. मैनाला हाकलत आतल्या आवारात नेलं आणि दार लावलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांनी मला फोन केला. हे मात्र मी स्वतःच्या आठवणीतून सांगते.

"मॅडम, मैनानं आज लई खाल्लंय. पुरणपोळ्या, पाव, सगळंच."

"लई म्हणजे किती?"

"ते कसं सांगू? मी आलो तवर खाऊनच राहिली होती. लई खाल्लंय."

घरी पाहुणे होते. मुलीच्या सासरची माणसं जेवायला आली होती. मी मनाशी हिशेब केला, चार-पाच पोळ्या असतील. "रात्री चारा देऊ नका," मी सांगितलं. "पाणी ठेवा. सकाळी बघते."

"यायला जमंल का आज?" त्यांनी विचारलं. माणिकरावांनी मला असं पूर्वी कधीच विचारलं नव्हतं.

"सकाळी येते हो. काळजी करू नका."

वाचकांना हे समजावं म्हणून थोडं पोटाबद्दल सांगते. गाय, बैल, हरीण, सांबर ही सगळी रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाचा पहिला कप्पा फार मोठा असतो. त्याला आम्ही कोटीपोट म्हणतो. पोट कसलं, हौदच तो. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि पाला, गवत, कडबा असा जाडाभरडा चारा हळूहळू आंबवून पचवतात. या जिवांना त्यांच्या सवयीचंच खाणं लागतं. त्यात अचानक पीठ, गूळ, मैदा, साखर पडली की दुसरेच जीव भराभर वाढतात आणि हौदात आम्ल तयार होतं. चारा पचवणारे जीव मरतात. पोट थांबतं. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि आम्ल रक्तात उतरतं. याला ॲसिडोसिस म्हणतात. पहिल्या काही तासांत पोट रिकामं केलं तर जनावर वाचतं. नंतर प्रत्येक तास विरोधात जातो.

आणि हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. शिरूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर बैलांची रांग लागायची. वर्षभर राबणाऱ्या बैलाला लोक प्रेमानं पोटभर पुरणपोळ्या चारायचे, आणि सकाळी तो फुगून दारात बसायचा. मी इतक्या बैलांच्या पोटात नळी घातलीय की डोळे मिटून घालीन. हे सगळं जिला माहीत, तिनं फोनवर "सकाळी बघते" म्हटलं.

सकाळी मी पोचले तेव्हा मैना आतल्या आवारात बसलेली होती. डोळे खोल गेलेले. दात खात होती. पोटात दुखत असलं की जनावर तसं करतं. डावी बाजू फुगलेली. तिथं मूठ दाबून धरली, पोटाची हालचाल नाही. पाच मिनिटं धरली. काहीच नाही. मागं पातळ, आंबूस शेण.

जंगली जनावरावर उपचार करणं म्हणजे आधी त्याला धरणं. हरणांच्या जातीत तेच सगळ्यात धोक्याचं. धरपकडीच्या भीतीनंच त्यांचे स्नायू निकामी होतात आणि धडधाकट हरीणसुद्धा दगावतं. गुंगीचं इंजेक्शन द्यावं तर त्यानं थांबलेलं पोट आणखी थांबतं. मी उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या माझ्या एका वर्गमित्राला फोन लावला. तो शस्त्रक्रिया शिकवायचा. त्यानं विचारलं, "खाऊन किती वेळ झाला?"

"काल दुपारपासून."

तो म्हणाला, "पोट उघडलं तर ती आता टिकणार नाही. नळीनं धुऊन काढ. सलाईन चालू कर. गुंगी देऊ नकोस."

"गुंगीशिवाय धरणार कशी?"

माणिकराव शेजारी उभे होते. म्हणाले, "मी धरतो."

ते आत गेले, भुईवर बसले आणि मैनाचं डोकं मांडीवर घेतलं. खिशातली दस्ती काढून तिच्या डोळ्यांवर बांधली. तिनं अंग झाडलंसुद्धा नाही. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. मी नळी घातली. कोमट पाणी आत सोडायचं, बाहेर काढायचं, पुन्हा सोडायचं. पहिल्यांदा जे बाहेर आलं ते पिवळं होतं. हळदीचं, पुरणाचं पिवळं. त्याला आंबट वास होता आणि त्या आंबट वासात वेलदोडा होता. मागून ब्रेडचा लगदा आला. बिस्किटाच्या पुड्याचा एक तुकडाही आला.

पाणी स्वच्छ यायला दोन तास लागले. मग खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून आत सोडला, आम्ल मारायला. मानेच्या शिरेतून सलाईन चालू होतं. माणिकराव सलाईनची बाटली एका हातानं उंच धरून बसले होते.

दहा वाजता सुंदराबाई आल्या.

जाळीच्या पलीकडून त्यांनी आवाज दिला. "काय झालं माय तिला?"

माझे हात कोपरापर्यंत भरलेले होते. मी जाळीपाशी गेले. "बरं नाही तिला. तुम्ही घरी जा आज."

"काल तर लई आवडीनं खाल्लं तिनं. माझ्या हातचं." त्या हे आनंदानं सांगत होत्या. "हौशाला बी असंच आवडायचं, आमच्या बैलाला. आजार कशाचा हाय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून आलं, "बघतेय अजून." आणि मी पाठ फिरवली.

दुपारी मैनानं मान थोडी उचलली. माणिकराव म्हणाले, "मॅडम, बघितलं का, कान हलवून राहिली." मीही आशा धरली. पण तिचे पाय गार पडत चालले होते. चारच्या सुमाराला तिचा श्वास उथळ झाला, दोनदा पाय झाडले आणि ती गेली. माणिकरावांनी तिच्या डोळ्यांवरची दस्ती सोडली, झटकली आणि घडी करून खिशात ठेवली. तिच्या तोंडाची बाजू पाण्यानं धुतली. मग उठून चितळांना चारा टाकायला गेले. त्यांची वेळ झाली होती.

प्राणिसंग्रहालयात जनावर मेलं की शवविच्छेदन करावं लागतं, अहवाल वर पाठवावा लागतो. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक गिरीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, कारण काय लिहिताय?"

"ॲसिडोसिस. प्रेक्षकांनी घातलेलं खाणं."

"तसं लिहिलं की आपल्यावर येतं. सुरक्षा नव्हती का, माणूस कुठं होता. वय झालं होतं असं नाही का लिहिता येणार?"

"सहा वर्षांची होती साहेब. सांबर त्याच्या दुपटीनं जगतं."

"मग हृदयक्रिया बंद पडून?"

"ती सगळ्यांचीच बंद पडते. ते कारण नाही."

त्यांनी हात वर केले. "तुम्ही डॉक्टर. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते."

मी खरं कारण लिहिलं. कोटीपोटात काय सापडलं, यकृत कसं होतं, सगळं. खाली सही केली. दबावाला बळी पडले नाही म्हणून त्या संध्याकाळी मला स्वतःबद्दल बरंच वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्या अहवालात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. फक्त खाऊ घालायची परवानगी सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरनंच दिली होती, हे नव्हतं. आणि राखणदारानं त्याच संध्याकाळी फोन केला होता, हे नव्हतं. वैद्यकीय अहवालात असल्या गोष्टी लिहीत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात राउंडला गेले तर चितळांपाशी दुसराच माणूस. माणिकराव कुठं आहेत विचारलं, तर म्हणाला, पार्किंगला.

माणिकराव गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. लोकांच्या मोटरसायकली ओळीत लावून घेत होते.

"इथं कसे?"

"नोटीस दिली मॅडम. ड्युटीवर असताना गर्दी आवरली न्हाई म्हणून. हरणांकडून काढलं."

"अहो, परवानगी मी दिली होती. तुम्ही सांगितलं नाही साहेबांना?"

"सांगितलं की. साहेब म्हणले, अहवालात तसं कुठं हाय?"

मी विचारलं, "आणि सहा वाजता मला फोन केला होता, ते?"

"ते न्हाई सांगितलं."

"का?"

एक जण वाटेतच गाडी लावत होता. माणिकरावांनी शिट्टी वाजवून त्याला बाजूला घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही काय मुद्दाम केलं का मॅडम."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून मी आत आले तर दवाखान्याच्या खोलीबाहेर, पायरीवर, सुंदराबाई बसलेल्या. त्यांचा पास गेटवर काढून घेतला होता. गिरीसाहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, तुमच्यामुळे जनावर मेलं. म्हातारी रडत नव्हती. तिकीट काढून आत आली होती, मला विचारायला.

"मॅडम, माझ्या हातानं गेली म्हणत्यात. खरं हाय का?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"पण तुम्ही तर चालतंय म्हणला होता," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. कुठंतरी समजण्यात चूक झाली असेल, ती दुरुस्त करून घ्यावी, असं.

"हो. म्हटलं होतं. भाकरीचा तुकडा चालतो. पुरणपोळी चालत नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

मग मी तिला सगळं सांगितलं. रवंथाचं पोट कसं असतं, गोड आणि पीठ त्यात पडलं की काय होतं. तिला समजायला काहीच अडचण आली नाही. सगळं आयुष्य बैलांत गेलेली बाई. मधेच तिनं मला थांबवलं.

"म्हणजे बैलाचं बी असंच?"

"बैलाचंही असंच. शिरूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग लागायची."

ती माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "आमचा हौशा पोळ्याच्या दुसऱ्या दिशीच गेला. फुगला आन् गेला. आम्ही म्हणलं, मिरवणुकीत दृष्ट लागली. लई देखणा होता." पदरानं तिनं तोंड पुसलं. "मालक मरेपर्यंत शेजारच्याशी बोलले न्हाईत. त्याचीच नजर लागली म्हणून."

"दवाखान्यात नाही आणला?"

"दृष्ट लागलेल्या बैलाला दवाखान्यात आणतेत का? अन् आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई, पोळीनं असं हुतंय म्हणून."

कोणी सांगितलं नाही. तो दवाखाना माझा होता. दर पोळ्याला दुसऱ्या दिवशी मी बाह्या सरसावून तयार असायचे. आदल्या आठवड्यात चार गावांत जाऊन, पारावर बसून, बैलाला एकच पोळी चारा, जास्त नको, एवढं सांगावं हे मला कधी सुचलं नाही. माझं काम बैल आल्यावर सुरू होतं, अशीच माझी समजूत होती. लोकांच्या गैरसमजुतींवर मी आयुष्यभर हसत आले. ही माझी.

सुंदराबाई उठल्या. "जाते माय," म्हणाल्या. जाताना हरणांच्या बाजूला वळल्या नाहीत. सरळ गेटकडे गेल्या.

त्याच दिवशी मी गिरीसाहेबांकडे पत्र दिलं. परवानगी मी दिली होती, फोन मला आला होता, मी आले नाही. माणिकरावांचा दोष नाही.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "हे आत्ता देताय? अहवाल वर गेलाय. त्यावर तुमचीच सही आहे."

"म्हणून तर देतेय. हेही वर पाठवा."

"मॅडम, तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. कशाला वाढवताय?"

"पाठवा साहेब."

त्यांनी पाठवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. महिन्यानं माणिकरावांची नोटीस मागं घेतली गेली. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. त्यात मला अन्याय दिसला नाही. जाळीपुढं हात पोचणार नाही इतक्या अंतरावर दुसरं कुंपण घातलं, पाटी आणखी मोठी केली. लोक आता कुंपणावरून फेकतात.

शेवटच्या दिवशी मी पार्किंगमध्ये गेले. "तुमची जागा मोकळी झालीय," मी माणिकरावांना म्हटलं. "साहेब तयार आहेत. परत हरणांकडे जा."

"नगं मॅडम. हितंच बरं हाय."

"चितळं ओळखतात तुम्हाला."

"तेच नगं," ते म्हणाले. "जाळीपाशी येत्यात. मग लोक म्हणत्यात, उपाशी हाय." आणि एका कारवाल्याला हात दाखवत पुढं गेले.

सुंदराबाईंच्या घरी मी एकदा गेले. तिसऱ्या मजल्यावर. सून म्हणाली, आई आता कुठं बाहेर जात नाहीत. त्या गॅलरीत बसल्या होत्या. मला चहा केला, शिरूरच्या ओळखीपाळखीच्या माणसांबद्दल बोलल्या. मैनाचं नाव दोघींनीही काढलं नाही. परत मी गेले नाही.

आता मी घरीच असते. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ओळखीचे शेतकरी फोन करतात, काही मीच करते. "थोडी जास्त चारली तर चालंल का?" असं विचारतात. नाही म्हणते. नुसतं नाही म्हणून भागत नाही, कारण सांगावं लागतं; पोट, चारा, पीठ, आम्ल, सगळं. त्याला पाच मिनिटं लागतात. सुंदराबाईंनी तुकडा देऊ का विचारलं, त्या सकाळी ती माझ्याकडे होती.